हिराआत्याचं ग्रीक

दापोड्याच्या नाक्यावर कंटेनर आडवा लावून बिडी पेटवणाऱ्या ड्रायव्हरला दिवसभरात पुष्कळ शिव्या पडतात. मराठीत पडतात, हिंदीत पडतात, भोजपुरीत पडतात, आणि भिवंडीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, तेलुगू माणसंही कामाला असल्यामुळे अधूनमधून तेलुगूतही पडतात. पण प्राचीन ग्रीकमध्ये शिवी देणारी बाई त्या नाक्यावर एकच. ती माझी सख्खी आत्या आहे.

ती टेम्पोची काच खाली करते, अर्धं अंग बाहेर काढते आणि ठणठणीत आवाजात म्हणते, "एस कोराकास." म्हणजे 'कावळ्यांकडे जा'. जुन्या अथेन्सच्या बाजारात माणसं भांडताना एकमेकांना हेच म्हणत, असं तिचं सांगणं. ड्रायव्हर गोंधळून विचारतो, "क्या बोली माताजी?" टेम्पो चालवणारा आमचा रफिकभाई समोरची नजर न हलवता भाषांतर करतो, "कव्वों के पास जाने को बोल रही हैं." आईबहिणीवरच्या शिव्या ज्याच्या अंगाला चिकटत नाहीत, तो माणूस कावळ्यांचं नाव काढल्यावर मात्र चपापतो. त्याला घरच्या कुणाचा दहावा आठवतो की काय कोण जाणे. बिडी टाकतो, गाडी सरळ करतो. आत्या काच वर करते आणि पदर नीट करून बसते.

मला या बाईचा राग येतो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला वाटेल की मी तिचं कौतुक करायला बसले आहे. कौतुक बाहेरच्यांनी करावं. बाहेरच्यांना तिच्याबरोबर एका घरात राहावं लागत नाही.

हिराआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, ती शेलार गावात आमच्या घरी परत आली आणि एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटली. खिडकीपलीकडच्या माणसावर ओरडण्याचा पगार तिला निवृत्त होईपर्यंत मिळाला. तोवर आमच्या भातशेतीच्या जागी गोडाऊनं उभी राहिली होती. तिच्या वाट्याचा एक गाळा दापोड्याला आहे, त्यात कुठल्याशा कंपनीचे मोबाइल चार्जर भरलेले असतात. त्यामुळे तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही आणि कुणाचं ऐकूनही घ्यावं लागत नाही. दुसरी गोष्ट तर ती आधीही करत नव्हती.

तिचं एक पालुपद आहे: "कान हायत का भोका?" हा प्रश्न तिने मला विचारलाय, रिक्षावाल्यांना विचारलाय, आमच्या मुख्याध्यापकांना विचारलाय. एकदा कानाला स्टेथोस्कोप लावून तिची छाती तपासणाऱ्या डॉक्टरांनाही विचारलाय. भिवंडीत हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. मी कामतघरच्या एका शाळेत गणित शिकवते. शाळेच्या तिन्ही बाजूंना लूम आहेत आणि चौथ्या बाजूला रस्ता. तिथे समीकरणसुद्धा ओरडून सोडवावं लागतं. घरी आल्यावर माझा आवाज खाली यायला तासभर जातो, आणि तेवढ्या वेळात आत्याचं आणि माझं एक भांडण आटोपलेलं असतं. रागाच्या बाबतीत मी तिचीच भाची आहे.

आता हे ग्रीक घरात शिरलं कसं ते सांगते. त्यासाठी आधी धवल्याचं सांगायला हवं. आमच्या आगरी लग्नात भटजी मुहूर्तापुरता येतो. बाकी देवक बसवण्यापासून हळद लागेपर्यंतचे विधी धवलारीण लावून देते, आणि प्रत्येक विधीचं गाणं म्हणते. ते गाणं म्हणजे धवला. धवला एकटीने म्हणायचा नसतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलायची आणि पुढची टाकायची. आमच्या भागात ओळ टाकायला हिराआत्या आणि झेलायला शेजारची पारूमावशी, अशी जोडी माझ्या जन्माआधीपासून होती. दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या. एकीचा एखादा शब्द राहिला, नाव मागेपुढे झालं, की दुसरी पदराआडून तिच्या मांडीला चिमटा काढायची. साधासुधा नाही, पिळून. लग्नसराई संपली की आत्या मला मांडीवरचे काळेनिळे डाग दाखवायची आणि पारूच्या नावाने शंख करायची. पारूमावशी तिच्या घरी आत्याच्या नावाने तेच करत असे.

पारूमावशी तीन वर्षांपूर्वी गेली. आत्या रडली नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, लोक हात जोडून मागे झाले आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती म्हणून. आत्या तेवढी संतापली. भर नदीकाठी म्हणाली, "येवढ्या लवकर? काय बी ठेवला न्हाय तिना मागं?" आणि तरातरा चालत घरी आली. मला तेव्हा तिच्या बोलण्याची लाज वाटली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईच्या एका विद्यापीठातून लोकगीतांवर काम करणाऱ्या एका साहेबांचा फोन आला. त्यांना धवले रेकॉर्ड करायचे होते. आत्या नवी साडी नेसून रफिकभाईच्या टेम्पोत बसून गेली. साहेबांनी एक फोन टेबलावर ठेवला, तिला म्हणायला सांगितलं आणि आपण दुसऱ्या फोनवर मेसेज करत बसले. आत्या मध्येच गप्प झाली. साहेबांना ते कळायला बराच वेळ लागला. कळल्यावर म्हणाले, चालू ठेवा आजी, रेकॉर्ड होतंय. त्यावर आत्याने त्यांना तिचा नेहमीचा प्रश्न विचारला आणि उठून बाहेर आली.

बाहेर पाणी शोधत फिरताना तिला एका वर्गातून मोठ्याने म्हटल्याचा आवाज आला. आत एक वयस्कर गृहस्थ होते आणि समोर दोन मुली. एक मुलगी एक ओळ म्हणत होती. ते गृहस्थ मध्येच पेन्सिल टेबलावर आपटायचे आणि सांगायचे, नाही, तिथला लांब स्वर तू गिळलास, परत. मुलगी परत म्हणायची. पुन्हा पेन्सिल. आत्या मागच्या बाकावर जाऊन बसली आणि वर्ग सुटेपर्यंत हलली नाही. ती भाषा कोणती हे तिने नंतर विचारलं. घरी येऊन तिने आम्हाला जाहीर केलं की ती प्राचीन ग्रीकला नाव घालून आली आहे. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्या मास्तरला ऐकायला येते."

या कारणावर कोणत्या शहाण्या माणसाला राग येणार नाही? आणि त्यात गंमत अशी की डिमेलो सरांच्या डाव्या कानात मशीन होतं. सर वसईचे. तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते, तिथे ग्रीक शिकले, मग पाद्री होणं राहिलं आणि ग्रीक तेवढं राहून गेलं. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा शिकवायला येत होते.

त्या दिवसापासून आमच्या घराची शांती गेली. म्हणजे होती असं नाही, पण जी होती ती गेली. आत्याने आल्फा-बीटा पाठ करायला म्हणून गाळ्याच्या शटरवर खडूने भलीमोठी अक्षरं काढली. चार्जरच्या कंपनीचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी फोन करून मला विचारू लागला की ही करणी आहे का, आणि असेल तर कंपनीवर आहे की फक्त त्याच्यावर. रफिकभाईला जाता-येता सगळी अक्षरं पाठ झाली. तो जौनपूरचा, आठवी शिकलेला. तो टेम्पो मागे घेताना "आने दो, आने दो" ऐवजी "आल्फा, बीटा" म्हणायला लागला, आणि हमालांनाही त्याची सवय झाली.

सगळ्यात वाईट म्हणजे सकाळ. आत्याला कुठलीही गोष्ट चालीशिवाय पाठ होत नाही, आणि चाल तिला एकच येते. म्हणून ती ग्रीक धवल्याच्या चालीवर म्हणते. मी डब्याची भाजी परतत असताना मागून ते सुरू व्हायचं. जुन्या काळी ग्रीस देशात नवरीला घरी नेताना पोरींचे दोन घोळके आळीपाळीने गाणी म्हणायचे, त्या गाण्यांच्या उरलेल्या ओळी सरांनी तिला दिल्या होत्या. पुरं गाणं क्वचितच उरलंय. कुठे एक ओळ, कुठे अर्धी, कुठे नुसता एक शब्द. जगभर विद्वान माणसं त्या तुकड्यांवर आयुष्य घालवतात, असं सर म्हणाले तेव्हा आत्या त्यांच्यावरही भडकली होती. "तवा कुनी ध्यान दिला न्हाय, आन आथा चिंध्या गोला करतात," असं तिने त्यांना सुनावलं. सर म्हणे हसले आणि म्हणाले, खरं आहे, आता चौथी ओळ म्हणा.

त्या ओळी मी इथे लिहीत नाही. लिहिल्या तर आत्या हे वाचेल, त्यात चूक काढेल आणि आमचं आणखी एक भांडण होईल. पण दोन वर्षं रोज सकाळी ऐकून मला त्या पाठ झाल्या, टीव्हीवरची जाहिरात पाठ होते तशा, इच्छा नसताना. शाळेत फळ्यावर प्रमेय लिहितानाही डोक्यात तेच. मी कितीदा तिला सांगितलं की दार लावून म्हण. ती दार आणखी उघडायची.

आता त्या लग्नाची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या लांबच्या नात्यात हळद होती. पारूमावशी गेल्यावर आत्या हळदीला जायचं टाळायची, पण नवरदेवाच्या आजीने पायच धरले म्हणून तयार झाली. मी तिला घेऊन गेले. मांडवात ती धवला म्हणायला बसली आणि मी बाहेर डीजेवाल्याशी भांडत होते, कारण त्याने भिंतीएवढे स्पीकर नेमके बायका बसल्या होत्या तिकडे तोंड करून लावले होते आणि 'चेक, चेक' करत होता. भांडण जिंकून मी आत आले तोवर हळद लागली होती आणि आत्या चपला शोधत होती.

गाडीत बसल्यावर तिने आधी पदर आवरला. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मी ग्रीक म्हटला."

मला समजेना. तिने सांगितलं ते असं. तिने धवला सुरू केला. झेलायला दोन सुना बसवल्या होत्या. त्यांचं लक्ष फोटोवाल्याकडे. आत्याने मुद्दाम एक ओळ गाळली. कुणी काही बोललं नाही. मग तिने नवऱ्याच्या बापाच्या जागी भलत्याच माणसाचं नाव घेतलं. कुणी काही बोललं नाही. मग तिचं डोकं फिरलं आणि ती त्याच चालीवर सरळ ग्रीक म्हणायला लागली. पाच मिनिटं. नवऱ्याला हळद लागत होती, पोरं व्हिडिओ काढत होती, सुना मान डोलावत होत्या. उलट शेजारची एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "लय जुना धवला हाय, माज्या आयसच्या टायमाचा."

मी हसायला लागले. हसू आवरेना, गाडी बाजूला घ्यावी लागली. ते बघून आत्या जी भडकली ती शेलार येईपर्यंत थांबली नाही. अख्ख्या मांडवाला कावळ्यांकडे पाठवलं, मग डीजेवाल्याला, फोटोवाल्याला, त्या दोन सुनांना त्यांच्या माहेरासकट, आणि शेवटी मला. तुला हसू येतंय, म्हणाली, तूही त्यांच्यातलीच. मीही तोंड सोडलं. दुसऱ्याच्या लेकराची हळद ही काय तुझी परीक्षा घ्यायची जागा आहे का, असं मी विचारलं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ग्रीक मात्र रोज सकाळी झालं, नेहमीपेक्षा मोठ्याने.

यंदा जूनमध्ये विद्यापीठाच्या फलकावर सूचना लागली की पुरेसे विद्यार्थी नसल्यामुळे प्राचीन ग्रीकचा वर्ग बंद करण्यात येत आहे. त्या दोन मुली शिकून बाहेर पडल्या होत्या. नवीन कुणी आलं नव्हतं. वर्गात आत्या एकटी उरली होती. तिने ते घरी सांगितलं नाही, सरळ तिथल्या कचेरीत जाऊन भांडली. खिडकीमागचा माणूस म्हणाला की किमान पाच लागतात, आजवर चालवून घेतलं, आता आमच्या हातात काही नाही. आत्या म्हणाली, त्या खुर्चीत माझा जन्म गेला, हातात काही नसतं ते कसं म्हणायचं हे मला शिकवू नको. मग तिने त्याला कावळ्यांकडे पाठवलं. तो म्हणाला, काय असेल ते लेखी द्या. आत्याने दिलं. ग्रीक लिपीत, अक्षरांवरच्या सगळ्या खुणांसकट, सहीनिशी. त्याने त्यावर शिक्का मारून तिला पोच दिली.

मग पाच माणसं जमवायची मोहीम निघाली. बचत गटाच्या बायका मुंबईची सहल समजून तयार झाल्या आणि परीक्षा असते कळल्यावर मागे फिरल्या. रफिकभाई आनंदाने तयार होता, पण बारावी लागते. "बुआजी, मैं तो बिना कागज के भी बैठ जाऊँगा," असं तो म्हणाला. त्याचा उपयोग नव्हता. माझ्यासमोर तिने फॉर्म ठेवला तेव्हा मी वह्या तपासत होते. मी म्हटलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, मी तुला विचारत नाहीये. आमचं इतकं जोरात वाजलं की शेजारचे दारात आले. शेवटी रागाच्या भरात मीच तिच्या हातातून पेन ओढून सही ठोकली. तरी आम्ही दोघीच झालो. मुदत संपली. पाचांच्या जागी दोन बायका, त्याही एकाच घरातल्या आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या.

मला सगळ्यांचाच राग आला होता. पाच माणसं नाहीत म्हणून दार लावणाऱ्यांचा आला. एका माणसाला शिकायचं असेल तर ती संख्या कमी कशी, हे गणित मला कुणी समजावून दिलेलं नाही, आणि मी गणितच शिकवते. आत्याचाही आला, कारण शेवटच्या वर्गाला तिने मला ओढत नेलं. तुझी सही आहे, म्हणाली, चल.

वर्ग लहानसा होता, पंखा मोडका. डिमेलो सर आले, कानातलं मशीन नीट केलं, मला नाव विचारलं आणि आत्याला म्हणाले, हिराबाई, सुरुवात करा. आत्याने सुरुवात केली. तीच सकाळची ओळ, तीच चाल. दुसऱ्या ओळीत पेन्सिल वाजली. सर म्हणाले, तिथे श्वास घेऊ नका, शब्द तुटतो. परत.

मी आत्याकडे बघितलं. आता ही यांना कावळ्यांकडे पाठवणार, असं मला वाटलं. मी आयुष्यात कुणाला या बाईची चूक काढून सुखरूप घरी जाताना पाहिलं नव्हतं. आत्याने मान खाली घातली आणि परत म्हटलं. पुन्हा पेन्सिल. पुन्हा परत. एकच ओळ कितीतरी वेळा झाली. तिचा आवाज खाली आला, कपाळावरची शीर गेली, चेहरा मऊ झाला. शेवटी एकदा पेन्सिल वाजली नाही. सरांनी पुढची ओळ स्वतः म्हटली, त्यांच्या चिरक्या आवाजात, आणि आत्याने त्यापुढची टाकली. दोघांनी शेवटपर्यंत आळीपाळीने म्हटलं. मग सरांनी पुस्तक मिटलं, तिला हात जोडले आणि म्हणाले की आता मलाही वसईहून इथे येण्याचं काही कारण राहिलं नाही.

परत येताना टेम्पोत आम्ही तिघं पुढेच बसलो होतो. कशेळीच्या पुलावर गाडी अडकली. समोर एक कंटेनर आडवा होता. रफिकभाईने काच खाली करून दिली आणि वाट बघत बसला. आत्याने ती परत वर केली. मग तिने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पारू गेल्यापासून मना कुनी चिमटा न्हाय काढला."

मला तेव्हा कळलं. ही बाई ग्रीक शिकायला जात नव्हती. म्हणजे जात होतीच, मन लावून जात होती, पण आपलं कुठे चुकतंय ते सांगणारा एक माणूस तिथे होता म्हणून जात होती. चूक कळायला कुणीतरी ऐकत असावं लागतं. इतकं साधं मला इतक्या दिवसांत कळलं नाही, याचाही मला राग आला. मी रफिकभाईवरच ओरडले की हॉर्न काय शोभेला लावलाय का.

त्यानंतर आत्या शांत झाली. सकाळचं ग्रीक बंद. दार लावून बसायची. कुकरच्या शिट्ट्या मला स्पष्ट ऐकू यायला लागल्या. नाक्यावर ड्रायव्हर मोकाट सुटले. एका सकाळी मी मुद्दाम तिच्या चहात साखर घातली नाही. ती तो तसाच प्याली. मला माझा जुना त्रास परत हवा होता, आणि तो मागायचा कसा हे कळत नव्हतं.

दिवाळीनंतर माझ्या भावाच्या मुलीची, स्नेहलची हळद घरीच होती. धवला आत्याने म्हणायचा हे ठरलेलंच, तिला नाही म्हणता येईना. भावाने डीजे सांगितला होता. मी त्याला सांगितलं की धवला संपेपर्यंत वायर लागली तर मी ती कापीन, आणि तो मला ओळखतो. स्नेहलला पाटावर बसवली. आत्या बसली. तिच्या शेजारची पारूमावशीची जागा रिकामी होती. सुना एकमेकींना ढकलत होत्या, तू बस, तू बस. मीच जाऊन बसले, मांडीला मांडी लावून. आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

तिने धवला टाकला. मी जमेल तसा झेलत गेले, बऱ्याच ठिकाणी नुसती गुणगुणत. बायका गप्पा मारत होत्या, फोटोवाला स्नेहलला हनुवटी वर करायला सांगत होता. तीन-चार ओळी झाल्या आणि पुढची ओळ आली ती ग्रीक. चाल तीच, आवाज तोच. कुणाचीही मान वळली नाही.

माझं डोकं तडकलं. माझ्या भाचीच्या हळदीत? घरच्या पोरीच्या हळदीत हिला परीक्षा घ्यायची आहे? मी तिच्यावर ओरडणारच होते, तेवढ्यात ती ग्रीकच्या तिसऱ्या ओळीला आली आणि ओळ मध्येच संपली. शेवटचा शब्द आलाच नाही. दोन वर्षं माझ्या भाजीच्या फोडणीवर जो शब्द येऊन पडायचा, तो नेमका नव्हता. मी पदराआडून हात घातला आणि तिच्या मांडीला चिमटा काढला. रागातच काढला, त्यामुळे चांगला बसला.

आत्या थांबली. धवला मध्ये थांबत नाही, त्यामुळे आता मात्र सगळ्या बायका गप्प झाल्या. स्नेहलने घाबरून आमच्याकडे बघितलं.

"काय झाला?" आत्याने पुढेच बघत विचारलं.

मी म्हटलं, "शेवटचा शब्द खाल्लास."

"कंचा?"

मी तो शब्द म्हटला.

तिने माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कपाळावर ती जुनी शीर उभी राहिली होती. म्हणाली, "असा न्हाय म्हनत. लांब स्वर हाय तिथं. परत म्हन."

मी परत म्हटला. तिने मान हलवली, पदराने डोळे पुसले आणि धवला पहिल्या ओळीपासून सुरू केला, आपला, आगरीतला. ओळ टाकून ती माझ्यासाठी थांबली. दुसरी ओळ मी झेलली आणि त्यात स्नेहलच्या आजोळचं नाव विसरले. तिने तिथल्या तिथे मला चिमटा काढला, पिळून. मी ओळ परत म्हटली.